पडदा काळवंडला म्हणून यंत्र मेलें काय?

हल्लीं सुशिक्षित घरांत लॅपटॉप ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. सकाळीं सूनबाईंचें कचेरीचें काम, दुपारीं नातीचा अभ्यास, सायंकाळीं आजोबांचें वृत्तपत्रवाचन आणि रात्रीं परदेशीं असलेल्या मुलाची पडद्यावरची भेट, इतकीं कामें एकच यंत्र मुकाट्यानें उरकीत असतें. आणि एकत्र कुटुंबांत तर तें कोणा एकाच्या मालकीचें नसून देवघरांतील समईप्रमाणें सगळ्यांचें असतें. अशा यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्याचा सारा कारभार पाहणारी मुख्य व्यवस्था, एके दिवशीं बदलली जाते. बहुधा घरांतील एखादा उत्साही तरुण रात्रीं निजण्यापूर्वीं तें काम लावून ठेवतो. सकाळीं पाहावें तों पडदा काळा. किंवा काळा नसला तर अक्षरें फुगलेलीं, चित्रें पसरट, आणि उजेड कमीजास्त करण्याची कळ दाबली तरी पडदा ढिम्म. मग घरांत पंचायत बसते. कोणी म्हणतो यंत्र जुनें झालें, कोणी म्हणतो विजेचा धक्का बसला असेल, कोणी त्या तरुणास बोल लावतो. आणि दोनचार दिवसांनीं तो लॅपटॉप पिशवींतून दुरुस्तीच्या दुकानीं जातो, नाहीं तर कपाटाच्या वरच्या फळीवर कायमचा जाऊन बसतो.

आमचें म्हणणें असें कीं, या रीतीनें फळीवर गेलेल्या यंत्रांपैकीं पुष्कळ यंत्रें मेलेलीं नसतात. त्यांचा एक मधला माणूस तेवढा नाहींसा झालेला असतो. हा मधला माणूस कोण, तो कां नाहींसा होतो आणि त्याला परत कसें आणावें, हें घरांतील निदान एका व्यक्तीस तरी ठाऊक असावें, म्हणून हा लेख.

पडद्यावर दिसणारें चित्र असंख्य ठिपक्यांचें बनलेलें असतें. साधारण प्रतीच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ ठिपके रुंद आणि ७६८ ठिपके उंच. म्हणजे एका वेळीं दहा लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा, आणि तोही बहुधा दर सेकंदास साठ वेळां. हें काम यंत्राच्या मुख्य मेंदूवर न टाकतां त्यासाठीं निराळी ग्राफिक्स चिप योजिलेली असते. कांहीं लॅपटॉपांत ती प्रोसेसरच्याच पोटांत असते, कांहींत स्वतंत्र असते, आणि कांहींत दोन्ही प्रकारच्या चिपा नांदतात. या चिपेची भाषा तिच्या कारखानदाराची. इंटेलची एक, एनव्हिडियाची दुसरी, एएमडीची तिसरी. शिवाय एकाच कारखान्याच्या जुन्या व नव्या चिपांच्या बोलींतही फरक. ऑपरेटिंग सिस्टीमला यांतील एकही भाषा मुळांतून येत नाहीं. म्हणून मध्यें एक दुभाषी नेमलेला असतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

ड्रायव्हर या नांवानें पुष्कळांचा घोटाळा होतो. मोटार हांकणारा असतो तसा हा कोणी हांकणारा नव्हे. दोन दरबारांच्या मध्यें बसून इकडचें म्हणणें तिकडे आणि तिकडचें इकडे सांगणारा हा दुभाषी आहे, आणि प्रत्यक्षांत तो म्हणजे चिपेच्या कारखानदारानें लिहिलेला एक प्रोग्राम होय. आतां एका दरबारांत कारभारी बदलले, नवे रिवाज आले, अर्ज करण्याची रीत बदलली, तर जुन्या रिवाजांत मुरलेला दुभाषी गोंधळणारच. नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसविली म्हणजे नेमकें हेंच घडतें. चिप तीच, पडदा तोच, तारा त्याच. मधल्या माणसाला तेवढी नव्या दरबाराची रीत ठाऊक नसते.

योग्य दुभाषी मिळाला नाहीं तरी विंडोज अगदींच हात टेकीत नाहीं. विंडोज ८ पासून तिनें स्वतःजवळ एक कामचलाऊ माणूस ठेवला आहे. त्याचें नांव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. याला कोणत्याही चिपेशीं चार शब्द बोलतां येतात, पण चारच. तो पडदा उजळवितो, परंतु ठिपक्यांची संख्या बहुधा कमी धरतो, म्हणून अक्षरें फुगतात. उजेड कमीजास्त करणें त्याला येत नाहीं. दुसरा पडदा जोडला तर त्याची व्यवस्था त्याच्या आवांक्याबाहेरची. चलच्चित्र उलगडण्याचें जें काम ग्राफिक्स चिप सहज करते तें सारें मग मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर येतें. आजोबा नातवाशीं बोलावयास बसले कीं पंखा घों घों करूं लागतो, यंत्र तापतें आणि नातवाचा चेहरा अडखळत अडखळत हलतो; याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. आपल्या घरीं असें कांहीं झालें आहे काय तें पाहण्यासाठीं डिव्हाइस मॅनेजर उघडून त्यांतील ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ या सदराखालीं कोणाचें नांव आहे तेवढें वाचावें. इंटेल, एनव्हिडिया, एएमडी यांपैकीं कोणाचें नांव न दिसतां वरील कामचलाऊ गृहस्थाचें नांव दिसलें, तर रोगाचें निदान झालेंच म्हणावयाचें.

ही अडचण कांहीं आजची नव्हे. तिचा सर्वांत गाजलेला अध्याय २००७ सालचा आहे, आणि तो आम्हांस येथें जरा विस्तारानें सांगावासा वाटतो. कारण त्यांत दोष कोणाचा, हा प्रश्न पुढें न्यायालयापर्यंत गेला. त्या वर्षीं ३० जानेवारीस मायक्रोसॉफ्टनें ‘व्हिस्टा’ नांवाची ऑपरेटिंग सिस्टीम बाजारांत आणली. तिच्या आधींच्या ‘एक्सपी’मध्यें ग्राफिक्स चिपेच्या खऱ्या ताकदीची गरज मुख्यतः खेळांपुरती लागे, व्हिस्टानें खिडक्यांच्या चौकटी कांचेसारख्या पारदर्शक केल्या आणि साध्या पत्रलेखनालाही ती चिप कामास जुंपली. त्याबरोबरच ड्रायव्हर लिहिण्याची सारी पद्धतिच बदलण्यांत आली. पूर्वीं ड्रायव्हर व्यवस्थेच्या अगदीं गाभाऱ्यांत बसे, आणि तो कोसळला कीं सारें यंत्रच निळा पडदा दाखवून कोसळे. नव्या पद्धतींत त्याचा मोठा भाग गाभाऱ्याबाहेर काढला. आणि चिपेनें दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं तर ती अडकली असें समजून तिला व तिच्या दुभाष्याला पुन्हां उभें करावयाचें, अशी तजवीज केली. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि कोपऱ्यांत ‘ड्रायव्हर थांबला होता, आतां सांवरला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी दिसते, ती या तजविजीचीच खूण.

योजना शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. पण तिच्यामुळें प्रत्येक कारखानदारास आपला दुभाषी जवळजवळ नव्यानें शिकवून तयार करावा लागला, आणि तो वेळेवर तयार झाला नाहीं. पुढें न्यायालयांत उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांवरून असें दिसलें कीं, २००७ सालीं नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकीं २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळें झालीं होतीं. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या वांट्यास १७.९ टक्के, एटीआयच्या वांट्यास ९.३ टक्के आणि इंटेलच्या वांट्यास ८.८ टक्के येत होते. ज्या गृहस्थांनीं त्या काळीं ‘हें व्हिस्टाच टाकाऊ’ म्हणून कपाळाला हात लावला, त्यांपैकीं पुष्कळांची खरी तक्रार या मधल्या माणसांविरुद्ध होती.

लॅपटॉपवाल्यांची फसगत तर याहून वाईट झाली. व्हिस्टा येण्यापूर्वीं, २००६ सालीं, विकावयास ठेवलेल्या यंत्रांवर ‘व्हिस्टा केपेबल’ अशी चिकटपट्टी लावण्यांत आली. म्हणजे आज एक्सपी घेऊन जा, उद्यां व्हिस्टा बसेल, असें अभिवचन. ही पट्टी लावण्यास नव्या पद्धतीचा ड्रायव्हर असणें प्रथम आवश्यक धरलें होतें. परंतु इंटेलच्या ९१५ जातीच्या चिपसेटसाठीं तसा ड्रायव्हर नव्हता, आणि त्या जातीचे लॅपटॉप तर बाजारांत ढिगानें पडलेले. तेव्हां ती अटच काढून टाकण्यांत आली. पट्टी लागली, यंत्रें विकलीं गेलीं, आणि त्यांवर व्हिस्टाची सर्वांत साधी आवृत्ति तेवढी चालली. ज्या कांचेच्या खिडक्यांची जाहिरात झाली होती त्या कधींच उघडल्या नाहींत. गंमत अशी कीं, या फेऱ्यांत मायक्रोसॉफ्टचे एक उपाध्यक्ष माइक नॅश स्वतःच सांपडले. त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रांत अशी तक्रार केली कीं, २,१०० डॉलर देऊन घेतलेलें आपलें यंत्र आतां केवळ टपाल वाचण्याच्या लायकीचें उरलें आहे. अमेरिकेंत सिएटल येथील न्यायालयांत गिऱ्हाइकांनीं दावा लावला, त्यांतून हीं पत्रें २००८ सालीं बाहेर आलीं. दाव्याला मिळालेलें सामुदायिक स्वरूप २००९ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें काढून घेतलें, त्यामुळें सर्व गिऱ्हाइकांस एकजुटीनें कांहीं मिळालें नाहीं. पण जगाला एक गोष्ट कळून चुकली. यंत्रावर चिकटविलेली पट्टी ही चिकटविणाराच्या सोयीची असूं शकते, आणि गिऱ्हाइकानें विचारण्याचा प्रश्न ‘ही नवी सिस्टीम यावर चालेल काय’ एवढाच नसून ‘या चिपेचा ड्रायव्हर त्या सिस्टीमसाठीं लिहिला गेला आहे काय’ असा आहे.

हा प्रश्न न विचारल्याचें फळ २०१५ सालीं आणखी पुष्कळ घरांनीं चाखलें. त्या वर्षीं २९ जुलैस विंडोज १० निघाली, आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांस ती एक वर्षभर फुकट देऊं केली. फुकट तें पौष्टिक, या न्यायानें जुन्या यंत्रांवरही ती भराभर चढली. आतां इंटेलच्या ज्या प्रोसेसरांना दुसऱ्या पिढीचे म्हणतात, ते २०११ च्या जानेवारींत बाजारांत आले होते. त्यांच्या पोटांतील ग्राफिक्सचें नांव ‘एचडी ग्राफिक्स २०००’ आणि ‘३०००’. या पिढीसाठीं इंटेलनें विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाहीं. २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीला तो मिळाला, दुसरीला नाहीं. विंडोजनें आपल्या भांडारांतून जुन्या सिस्टीमसाठीं लिहिलेला ड्रायव्हर बसवून वेळ भागविली. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्रपट पाहणें हें सारें चाललें. परंतु चिपेशीं अधिक सलगीनें बोलूं पाहणारे प्रोग्राम अडले. मुलांचा आवडता ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ अशा यंत्रांवर ‘पिक्सेल फॉरमॅट नॉट अॅक्सिलरेटेड’ असा अगम्य मंत्र उच्चारून बंद पडूं लागला. मुलांनीं खेळ पुन्हां पुन्हां बसविला, वडिलांनीं ‘बरें झालें, अभ्यास करा’ म्हटलें, आणि मूळ कारण कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

केवळ साडेचार वर्षांच्या चिपेस असें वाऱ्यावर सोडावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. कारखानदारांची बाजू आम्ही जाणतों. ड्रायव्हर लिहिणें व तपासणें हें खर्चाचें काम आहे, गिऱ्हाइकानें पैसे एकदांच दिलेले असतात, आणि जुन्या चिपेची सेवा करून नवी विकली जात नाहीं. तरी घरांत घेतलेली शिलाई यंत्रें दोन दोन पिढ्या चालतात असें पाहण्याची संवय असलेल्या आपल्या लोकांना ही नवी रीत पचणें कठीण आहे. त्यांतल्या त्यांत ॲपलची रीत अधिक सरळ म्हणावी लागेल. २०१८ च्या सप्टेंबरांत आलेल्या ‘मोहावे’ या तिच्या सिस्टीमला ‘मेटल’ नांवाच्या ग्राफिक्स पद्धतीची गरज होती. ज्या जुन्या मॅकबुकांची चिप त्या योग्यतेची नव्हती त्यांवर ती बसण्यासच नकार देई. नकार कडू असतो, पण तो आधीं मिळालेला बरा. विंडोज ११ चेंही धोरण असेंच आहे. २०२१ च्या ऑक्टोबरांत आलेल्या या सिस्टीमनें इतर अटींबरोबर डायरेक्टएक्स १२ समजणारी चिप आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर ही अट उघडपणें घातली. विंडोज १० चें नेहमींचें फुकट पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें पुष्कळ घरांत हा बदल करण्याची घाई सुरू झाली. आणि अटी टाळून नवी सिस्टीम जबरदस्तीनें बसविण्याच्या युक्त्याही हातोहात फिरूं लागल्या. ज्या घरांत एकच यंत्र आहे तेथें असल्या युक्त्या करूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दोन चिपा असलेल्या लॅपटॉपांविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. एनव्हिडियानें २०१० सालीं ‘ऑप्टिमस’ नांवाची व्यवस्था काढली. तींत जड काम मोठी चिप करते व हलकें काम इंटेलची लहान चिप करते, त्यामुळें बॅटरी वांचते. पण पडद्याची तार सामान्यतः लहान चिपेलाच जोडलेली असते. मोठीनें काढलेलें चित्रही लहानीच्या हातूनच बाहेर पडतें. एकत्र कुटुंबांत वडील भाऊ कितीही मिळवता असला तरी वाढणें वहिनींच्याच हातीं असतें, तसेंच हें. म्हणून अशा लॅपटॉपांत केवळ एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर बसवून भागत नाहीं. प्रथम इंटेलचा, मग एनव्हिडियाचा, हा क्रम पाळला पाहिजे. या क्रमाकडे दुर्लक्ष करून दिवसच्या दिवस फुकट घालविलेले लोक आमच्या पाहण्यांत आहेत.

आतां मुख्य प्रश्न. पडदा बिघडला तर दोष दुभाष्याचा कीं खुद्द चिपेचा, हें घरच्या घरीं कसें ओळखावें? यासाठीं एक फार सोपी परीक्षा आहे. यंत्र सुरू करतांच प्रथम कारखानदाराचें बोधचिन्ह दिसतें, आणि त्याच वेळीं ठराविक कळ, कोणाच्या यंत्रावर एफ-२, कोणाच्या एफ-१०, कोणाच्या डिलीट, दाबीत राहिल्यास बायॉस नांवाचें साधें पान उघडतें. या घटकेला विंडोज जागी झालेलीच नसते, तिचा ड्रायव्हरही नसतो. तेव्हां हें पान स्वच्छ, स्थिर व सुवाच्य दिसलें, आणि दहा मिनिटें तसेंच राहिलें, तर पडदा व तारा ठीक आहेत आणि संशय ड्रायव्हरावर घ्यावा. उलट येथेंच आडव्याउभ्या रेघा, रंगीत चौकटी किंवा थरथर दिसली, तर ऑपरेटिंग सिस्टीमला दोष देण्यांत अर्थ नाहीं. यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावें. पडदा मुळींच उजळत नसेल तर खोलींत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. फिकट कां होईना चित्र दिसलें, तर पडद्यामागचा दिवा गेला आहे किंवा त्याची आज्ञा पोंचत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. दूरचित्रवाणीच्या संचाला एचडीएमआय तारेनें लॅपटॉप जोडून पाहणें हीही चांगली परीक्षा आहे. पण संचावर चित्र आलें नाहीं एवढ्यावरून निष्कर्ष काढूं नये, कारण कामचलाऊ ड्रायव्हर दुसऱ्या पडद्याकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाहीं.

ही परीक्षा सांगण्याचें कारण असें कीं, कधीं कधीं खरोखरीचा बिघाड आणि सिस्टीमचा बदल एकाच सुमारास येतात आणि एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं बसतें. एनव्हिडियानें २००८ च्या जुलैंत जाहीर केलें होतें कीं, लॅपटॉपांतील आपल्या कांहीं चिपा सदोष घडणीमुळें निकामी होत आहेत, आणि त्यासाठीं तिनें १५ ते २० कोटी डॉलर बाजूस काढले. ॲपललाही २०११ ते २०१३ या सालांतील कांहीं मॅकबुक प्रो यंत्रांच्या ग्राफिक्सची दुरुस्ती २०१५ च्या फेब्रुवारीपासून फुकट करून द्यावी लागली. अशा यंत्रांवर ड्रायव्हर कितीदांही बदला, गुण येणें नाहीं.

बायॉसचें पान स्वच्छ दिसलें असेल, तर उपाय हातचा आहे. विंडोज सुरू झाली आहे पण पडदा काळा, असा प्रकार असल्यास प्रथम विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. चिपेचा ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो, पडदा लुकलुकतो, आणि पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. न भागल्यास विंडोज व पी या कळांनीं चित्र चुकून दुसऱ्याच पडद्याकडे वळलेलें नाहीं याची खात्री करावी. तरीही अंधारच असेल, तर यंत्र सुरू होतांना वीजकळ दीर्घ दाबून तें बंद करावें. असें तीन वेळां केल्यास विंडोज स्वतः दुरुस्तीचें पान पुढें करते. तेथून ‘सेफ मोड’मध्यें शिरतां येतें. सेफ मोडमध्यें तो कामचलाऊ माणूसच कारभार पाहतो, म्हणून पडदा दिसतो. मग डिव्हाइस मॅनेजरांत बिघडलेल्या ड्रायव्हरावर जाऊन ‘रोल बॅक’ म्हणजे जुना परत बोलाविणें, किंवा तो अजिबात काढून टाकून योग्य तो बसविणें, यांपैकीं एक करावें.

एक इशारा मात्र या ठिकाणींच दिला पाहिजे. पुष्कळ नव्या यंत्रांतील सांठा ‘बिटलॉकर’नें कुलूपबंद असतो, आणि अशी उलथापालथ केली कीं तो ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली आधींच शोधून घरहिशेबाच्या वहींत लिहून ठेवावी. नाहीं तर पडदा येईल, पण नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें कुलपाआड राहतील.

योग्य ड्रायव्हर कोठून आणावा? आमचा अनुभव असा कीं, लॅपटॉपच्या बाबतींत प्रथम लॅपटॉपच्या कारखानदाराकडे त्या विशिष्ट नमुन्याच्या नांवानें शोध करावा, चिपेच्या कारखानदाराकडे नंतर जावें. लॅपटॉप बनविणारे उजेडाची कळ, झांकण मिटण्याची खूण, दोन चिपांची वांटणी यांत आपापले फेरफार करतात आणि ड्रायव्हरही त्याप्रमाणें मुरडून घेतात. इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर तर पूर्वीं अशा यंत्रांवर ‘हा या संगणकासाठीं प्रमाणित नाहीं’ असें सांगून अडून बसे. ही अडवणूक त्या कंपनीनें २०२० सालीं आपल्या नव्या ड्रायव्हरांपुरती दूर केली. कोणत्याही परक्या ठिकाणाहून ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकींत’ असें म्हणणारे प्रोग्राम आणूं नयेत. दुभाषी नेमावयाचा तो कुळशील पाहून.

हें सारें करूनही चैन पडत नसेल, तर जुन्या सिस्टीमकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा असतो. पण थोडेच दिवस. विंडोज १० च्या पहिल्या वर्षीं ही मुदत ३० दिवसांची होती, पुढें ती १० दिवसांवर आली, आणि विंडोज ११ मध्येंही ती १० दिवसांचीच ठेविली आहे. जुनी सिस्टीम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नांवाच्या कप्प्यांत तेवढे दिवस जपलेली असते. नवी सिस्टीम बसल्याबरोबर जागा मोकळी करण्याच्या हौसेनें तो कप्पा पुसणारे लोक आहेत. त्यांनीं दहा दिवस तरी धीर धरावा, आणि त्या दहा दिवसांत लॅपटॉपची घरांतील प्रत्येकाच्या कामावर परीक्षा घ्यावी: परदेशचें बोलणें, मुलांचा खेळ, कचेरीची सभा, दुसरा पडदा, झांकण मिटून पुन्हां उघडणें. हा शेवटला प्रकार विशेषेंकरून पाहावा, कारण झोंपेंतून उठतांना पडदा काळा राहणें ही अर्धवट जुळलेल्या ड्रायव्हराची नेहमींची खोड आहे.

आतां ज्या यंत्रांना कारखानदारांनींच वाऱ्यावर सोडलें आहे त्यांचें काय, असा प्रश्न उरतो; आणि येथें एक आश्चर्याची गोष्ट सांगावयाची आहे. ज्या २०११ सालच्या इंटेल चिपेला विंडोज १० चा ड्रायव्हर मिळाला नाहीं, ती लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आजही नीट चालते. तेथें इंटेलचा ड्रायव्हर गुप्त नसून सर्वांस वाचतां येईल असा असतो, आणि त्याचा गाभा लिनक्सच्याच पोटांत वाढतो. त्यामुळें सिस्टीम बदलली कीं तोही तिच्याबरोबर बदलला जातो. इतकेंच नव्हे, तर २०२१ सालीं या जुन्या इंटेल चिपांसाठीं ‘क्रोकस’ नांवाचा नवा ड्रायव्हर लिहून तेथें समाविष्ट करण्यांत आला. दहा वर्षांच्या चिपेसाठीं नवा दुभाषी तयार करावा, ही गोष्ट विकत घेतलेल्या व्यवस्थांत आम्हांस तरी आढळली नाहीं. लिनक्सच्या जगांतही सगळेंच गोड आहे असें नाहीं. एनव्हिडियानें आपले ड्रायव्हर वर्षानुवर्षें झांकून ठेवले. त्या कंपनीवर लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्डस २०१२ सालीं फिनलंडमधील एका सभेंत इतके संतापले कीं, त्यांनीं केलेला हातवारा येथें वर्णन करण्याजोगा नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें ड्रायव्हराचा कांहीं भाग खुला केला, पण तो नव्या चिपांपुरता. जुन्या चिपांची ३९० क्रमांकाची मालिका २०२२ अखेर बंद पडली, आणि ती बसविलेले लॅपटॉप लिनक्सची नवी आवृत्ति घेतांना काळ्या पडद्यावर येऊन थांबूं लागले. अशांनीं सुरुवातीच्या यादींत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा आणि एफ-१० दाबावी, म्हणजे साध्या रूपांत कां होईना पडदा मिळतो व पुढची व्यवस्था करतां येते.

ज्यांच्या घरीं असा फळीवर बसलेला लॅपटॉप असेल त्यांस एक प्रयोग सुचवितों. लिनक्सची एखादी आवृत्ति पेन-ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. सुमारें आठ जीबीचा पेन-ड्राइव्ह सामान्यतः पुरतो. लॅपटॉपला चार्जर लावून त्या पेन-ड्राइव्हवरूनच तो सुरू करावा, आणि ‘बसवा’ असा पर्याय न निवडतां ‘चालवून पाहा’ हा पर्याय निवडावा. आंतील विंडोजला, कागदपत्रांना, छायाचित्रांना यांत हात लागत नाहीं. पडदा स्वच्छ आला, उजेडाची कळ चालूं लागली, चलच्चित्र न अडखळतां दिसलें, तर चिप शाबूत आहे हें त्याच वेळीं समजतें. मग जुनी सिस्टीम परत आणावयाची, योग्य ड्रायव्हर शोधावयाचा, कीं हीच नवी व्यवस्था ठेवावयाची, याचा निकाल घरांतील मंडळींनीं रात्रीच्या पंगतींत लावावा.